पलायनाची परवानगी : 'कोल्डिट्झ' मालिका आणि कैदकथेचा घाट

युद्धकैद्यांच्या पलायनाची कथा ही स्वातंत्र्याची कथा असते, हे गृहीतक इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला भासत नाही. कैदी आहे, भिंत आहे, भिंतीपलीकडे मुक्ती आहे. तेव्हा भिंत ओलांडणारा तो स्वातंत्र्याचा उपासक, अशी ही सरळ बेरीज. बीबीसीने १९७२ ते १९७४ या काळात सादर केलेल्या 'कोल्डिट्झ' या दूरचित्रवाणी मालिकेची चर्चाही बहुतांशी या बेरजेवरच उभी असते. ज्यांना ही मालिका आवडते ते मानवी जिद्दीचे स्तोत्र म्हणून तिची वाखाणणी करतात. ज्यांना ती आवडत नाही ते अस्तंगत साम्राज्याचे स्मरणरंजन असा शिक्का मारून तिची वासलात लावतात. पहिल्या पक्षाला कृतीतील विचारप्रणाली दिसत नाही आणि दुसऱ्या पक्षाला विचारप्रणालीपलीकडे कृती दिसत नाही. मालिकेचा विषय स्वातंत्र्य हा आहे, एवढे मात्र दोघांनाही सारखेच मान्य असते. एक त्याला भाळतो, दुसरा ते खोटे आहे म्हणून रागावतो. मालिकेचा घाट लक्षात घेतला तर हे दोन्ही पक्ष चुकीच्या दाराशी उभे आहेत असे म्हणावे लागते. 'कोल्डिट्झ'चा खरा विषय परवानगी हा आहे.

सॅक्सनीत मुल्डे नदीच्या काठी उंच खडकावर कोल्डिट्झचा किल्ला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराने तेथे 'ओफ्लाग चार-सी' ही अधिकाऱ्यांची छावणी चालवली. इतर छावण्यांतून पळण्याचे प्रयत्न केलेले हट्टी कैदी एकत्र ठेवायचे, ही त्यामागील कल्पना. आणि पळण्यात तरबेज झालेली माणसे एकाच छपराखाली आणल्यावर व्हायचे तेच झाले. तेथून ऑक्टोबर १९४२ मध्ये निसटून स्वित्झर्लंड गाठलेल्या पॅट रीड याने १९५२ आणि १९५३ साली दोन पुस्तके लिहिली. त्यांतून १९५५ चा चित्रपट निघाला आणि ब्रायन डेगास व जेरार्ड ग्लेस्टर यांनी रचलेल्या मालिकेचा सल्लागारही रीडच होता. मालिकेतील कॅप्टन पॅट ग्रँट (एडवर्ड हार्डविक) म्हणजे नाव बदललेला रीड. भोवती फ्लाइट लेफ्टनंट कार्टर (डेव्हिड मॅकॅलम), वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी कर्नल प्रेस्टन (जॅक हेडली) आणि ज्याला मालिकेने नावच दिलेले नाही, केवळ पद दिले आहे, असा जर्मन कमांडंट (बर्नार्ड हेप्टन).

चित्रपट आणि मालिका यांतील भेद येथे केवळ लांबीचा नाही. पलायनाचा चित्रपट सुटकेकडे धावत असतो. सुटका झाली किंवा फसली की तो संपतो. मालिकेला तसे संपता येत नाही. सगळे पळून गेले तर पुढच्या आठवड्यात दाखवायचे काय? म्हणून प्रत्येक भागाच्या अखेरीस किल्ला पुन्हा भरलेला हवा आणि हजेरी पुन्हा लागलेली हवी. कैद ही चित्रपटासाठी अडथळा असते. मालिकेसाठी ती अस्तित्वाची अट होय. रेमंड विल्यम्स यांचे दूरचित्रवाणीविषयीचे पुस्तक ही मालिका संपली त्याच वर्षी, १९७४ साली, प्रसिद्ध झाले. माध्यमाचा घाट हा आशयाचा निव्वळ वाहक नसतो, हा त्यातील मुद्दा पडताळून पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. जी कृती स्वातंत्र्याची गाथा म्हणून वाखाणली जाते, तिचे सारे व्याकरण बंदिवास टिकवण्यावर बेतलेले आहे.

मग आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकाला धरून ठेवणारी गोष्ट कोणती? कैदी पळेल की नाही, ही उत्कंठा अर्थातच आहे. परंतु तिच्या आधी, आणि बहुधा तिच्याहून अधिक काळ, पडद्यावर चालू असते ती दुसरीच प्रक्रिया. ज्याला पळायचे आहे त्याने आपली योजना पलायनाधिकाऱ्यापुढे मांडायची. त्याने ती तपासायची, समितीत चर्चा करायची, वरिष्ठ अधिकाऱ्याचा होकार घ्यायचा. नकाशे, बनावट कागदपत्रे, पैसे, शिवून काढलेले नागरी कपडे हे सारे समितीच्या हाती. एकाच्या उतावीळपणामुळे दुसऱ्याचे महिनोन्महिने खोदलेले भुयार उघडकीस येऊ नये, हे या व्यवस्थेमागील व्यावहारिक कारण, आणि ते खरेही होते. कोल्डिट्झमध्ये रीड स्वतः पलायनाधिकारी होता. नाट्याच्या दृष्टीने पाहिले तर ही समिती म्हणजे मालिकेचे हृदय होय. योजना पुढे येते, आक्षेप निघतात, प्रेस्टनचा चेहरा क्षणभर दगडासारखा होतो, आणि मग होकार किंवा नकार. जर्मनांशी असलेला संघर्ष भिंतीवर घडतो. मालिकेचा आंतरिक संघर्ष या टेबलाशी घडतो.

मराठी वाचकाला हे वेगळेपण चटकन जाणवावे, कारण त्याच्या मनातील सुटकेची आदिकथा अगदी निराळ्या बांधणीची आहे. १६६६ सालच्या आग्र्याच्या सुटकेत नजरकैदेतील माणूसच योजनेचा कर्ता आहे. साथीदार आहेत, जिवावर उदार झालेले सेवक आहेत, पण अनुमती देणारे पीठ नाही. जो कैदी तोच राजा. तेथे कथेचा ताण युक्ती आणि धोका यांच्यामध्ये आहे. कोल्डिट्झमध्ये इच्छा आणि अनुमती यांच्यामध्ये तो आहे. ज्याला पळावेसे वाटते त्या प्रत्येकाला पळण्याचा अधिकार नाही, हे या कथाप्रकाराचे मूळ विधान होय.

हे विधान मालिकेला ठाऊक नाही असे मात्र नाही. आणि येथेच स्मरणरंजनाचा शिक्का मारणाऱ्यांची घाई उघडी पडते. पहिल्या पर्वातील 'ट्वीडलडम' हा भाग पाहावा. विंग कमांडर मार्श (मायकल ब्रायंट) वेडाचे सोंग करून वैद्यकीय कारणास्तव मायदेशी पाठवले जाण्याची योजना मांडतो. भुयार नाही, दोर नाही, गणवेश नाही. स्वतःचे मन हेच साधन. सोंग पहारेकऱ्यांपुढेच नव्हे तर सोबत्यांपुढेही चोवीस तास वठवावे लागते, आणि काय चालले आहे हे मोजक्यांनाच ठाऊक असल्यामुळे सोबत्यांची किळस आणि कीव खरीखुरी असते. योजना यशस्वी होते. मार्श घरी जातो. नंतर छावणीत पत्र येते : मार्शचे मन आता खरोखरीच गेले आहे आणि ते परत येण्याची आशा नाही.

मानवी जिद्दीचे स्तोत्र गाणाऱ्यांनी या भागाचे काय करायचे? मार्शला बुडवले ते त्याच्या जिद्दीनेच. जरा कमी चिवट असता तर तो सोंग अर्ध्यावर टाकून कैदेत राहिला असता, आणि शहाणा राहिला असता. सगळे काही साम्राज्याच्या खात्यावर मांडणाऱ्यांनाही हा भाग गिळता येत नाही, कारण येथे मालिका स्वतःच्याच हिशेबवहीत खाडाखोड करते. यशस्वी पलायनांच्या यादीत मार्शचे नाव घालायचे की नाही? शरीर सीमा ओलांडून गेले, तेव्हा घालावे लागेल. समितीने परवानगी दिली ती शरीराच्या प्रवासाला. मनाच्या प्रवासाला परवानगी देण्याचा अधिकार तिच्याकडे कधी नव्हताच, आणि ही गोष्ट पत्र येईपर्यंत कोणाच्या लक्षातही आली नव्हती. लोकप्रिय मालिकेच्या एका तासात अनुमती या कल्पनेची इतकी कठोर चिकित्सा झालेली क्वचितच आढळेल. वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्यांनी ज्यांना 'गंभीर' म्हणून पाठ्यक्रमात जागा दिली आहे अशा कित्येक नाटकांनाही ती साधलेली नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

परंतु ही चिकित्सा एका रेषेशी येऊन थांबते, आणि मालिकेविरुद्धचा खरा आक्षेप त्या रेषेपाशी सुरू होतो.

१९२९ च्या जिनीव्हा करारानुसार पळताना पकडलेल्या युद्धकैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येत असे, आणि अशा शिक्षेची कमाल मुदत ३० दिवसांच्या बंदिवासाची होती. अधिकाऱ्यांना सक्तीने काम लावता येत नसे. या दोन कलमांवर कोल्डिट्झची सारी कथा उभी आहे. पकडले गेलो तर महिनाभर एकांतकोठडी, आणि कोठडीबाहेर अमर्याद रिकामा वेळ : पलायन हा खेळ होण्यासाठी लागणारे भांडवल ते हेच. १९७३ मध्ये, म्हणजे मालिका चालू असतानाच, रीड आणि डेगास यांच्या सहभागाने तयार झालेला पटावरचा खेळ बाजारात आला. त्यात एका खेळाडूने जर्मन सुरक्षा अधिकारी व्हायचे असते. प्रतिपक्षाची जागा फाशाने ठरवता यावी इतका तो पक्ष आपल्यासारखाच आहे, हे त्यात गृहीत आहे. मालिकेतील कमांडंट असाच आहे : सभ्य, थकलेला, कायद्याला मानणारा. दुसऱ्या पर्वात मेजर मोन (अँथनी व्हॅलेंटाइन) हा कडवा नाझी आणून मालिकेने दुष्टपणा एका माणसात साठवला आणि कमांडंटची सभ्यता अबाधित ठेवली. हा नियम बाहेरच्या जगालाही लागू नव्हता. नाझींच्या कैदेत तीस लाखांहून अधिक सोव्हिएत युद्धकैदी मेले. त्यांना त्या कराराचे संरक्षण नाकारण्यात आले होते. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत खुद्द कोल्डिट्झ गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी, चिनी मातीच्या कारखान्यात बुखेनवाल्ड छळछावणीची एक उपछावणी होती आणि तेथे ज्यू कैदी राबत होते. किल्ल्याच्या माळ्यावर ब्रिटिश अधिकारी जेव्हा ते प्रसिद्ध ग्लायडर जोडत होते, तेव्हाचीच ही गोष्ट.

किल्ल्याच्या आत तरी काय होते? अधिकाऱ्यांची अंथरुणे घालायला, जेवण आणायला साधे सैनिक 'ऑर्डर्ली' म्हणून ठेवलेले होते. तेही कैदीच. समितीपुढे योजना मांडणाऱ्यांत त्यांची गणना नव्हती. डग्लस बेडर या दोन्ही पाय नसलेल्या नामांकित वैमानिकाचा ऑर्डर्ली अॅलेक्स रॉस याला १९४३ साली मायदेशी परतण्याची रीतसर संधी मिळाली होती. बेडरने त्याला सोडण्यास नकार दिला आणि तो युद्ध संपेपर्यंत किल्ल्यात राहिला. शत्रूने दार उघडले होते. अनुमती अडली ती आपल्याच माणसापाशी. दलित साहित्याच्या चर्चेने मराठी समीक्षेला एक प्रश्न कायमचा शिकवला आहे : या कथेत पाणी कोण भरते? तो प्रश्न सॅक्सनीतील किल्ल्यालाही विचारता येतो, आणि उत्तर विचारणाऱ्याला परके वाटत नाही.

आता बिरेंद्रनाथ मजुमदार यांच्याविषयी. गयेत जन्मलेले हे डॉक्टर ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन होते आणि १९४० साली फ्रान्समध्ये पकडले गेले. कोल्डिट्झमधील ते एकमेव भारतीय अधिकारी. सहकैद्यांनी त्यांना 'जंबो' हे नाव ठेवले. जर्मनांनी त्यांना बर्लिनला नेले. तेथे सुभाषचंद्र बोस यांनी त्यांना आपल्या फौजेत येण्याविषयी सुचवले. मजुमदार स्वतः राष्ट्रवादी विचारांचे होते, तरी घेतलेल्या शपथेशी त्यांना प्रतारणा करवेना. ते नकार देऊन किल्ल्यात परतले. परतल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांचा त्यांच्याविषयीचा संशय वाढला. त्यांनी पलायनात सहभागी होण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा, तपकिरी कातडीचा माणूस जर्मनीतून कोणाच्या नजरेस न पडता जाऊ शकणार नाही, असे कारण देऊन त्यांना वगळण्यात आले.

ज्या टेबलाशी मालिकेचे सारे नाट्य घडते त्याच टेबलाशी ही वर्णरेषा आखली गेली. येथे समीक्षेची पद्धत काय असावी याचा प्रश्न आहे. एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इंपीरियलिझम' (१९९३) मध्ये इंग्रजी कादंबरीतील अँटिग्वाच्या मळ्याचा ओझरता उल्लेख पकडून घराची सारी अर्थव्यवस्था उलगडून दाखवली. तेव्हापासून 'अनुपस्थिती' दाखवणे हा समीक्षेचा एक सोपा नित्यक्रम होऊन बसला आहे. अमुक कृतीत अमुक समूह नाही, म्हणून ती वर्चस्ववादी, निबंध पूर्ण. सैद यांचे वाचन असे नव्हते. जे गैरहजर आहे ते कृतीच्या बांधणीत कोणत्या सांध्यावरून निसटले, हे त्यांनी दाखवले होते. 'कोल्डिट्झ'मध्ये मजुमदारांसारखा कैदी नाही ही तक्रार एवढ्यावर थांबली तर निर्मात्यांची चूक, माहितीचा अभाव, काळाचा दोष यांपैकी कोणतेही उत्तर तिला पुरते. समितीचा विवेक हा मालिकेचा आधारस्तंभ आहे. ती कठोर असेल, पण न्यायी आहे. तिचे नकार योजनेला असतात, माणसाला नसतात. माणसालाच नकार देणारी समिती एकदा पडद्यावर दाखवली की मागचे सगळे होकारही संशयास्पद होतात. मजुमदारांची कथा म्हणूनच एक वगळलेला भाग म्हणून मोजता येत नाही. ती आत आली तर उरलेल्या २८ भागांचा तोल जातो.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की समितीचे म्हणणे व्यवहार्य होते. १९४२ सालच्या जर्मनीत रेल्वेच्या डब्यात बसलेला भारतीय लपणे कठीण, हे कोण नाकारील? कठीण होतेच. पण कठीणपणा हा कोल्डिट्झमध्ये नकाराचा निकष कधीपासून झाला? नव्वद फूट उंच भिंती असलेल्या किल्ल्याच्या माळ्यावर लाकूड आणि चादरी जोडून विमान बांधण्याला जेथे अनुमती मिळते, तेथे अशक्यता हा अडसर मानला जात नव्हता हे उघड आहे. पूर्वेकडे जपान्यांच्या छावण्यांत गोऱ्या कैद्यांची हीच अडचण उलट बाजूने होती : मलायात किंवा सुमात्रात गोरी कातडी लपत नाही. त्या छावण्यांवरची बीबीसीची 'टेंको' (१९८१-८४) ही मालिका त्या वास्तवातून करुण नाट्य उभे करते. गोऱ्याचा वर्ण आशियात अडला की ती शोकांतिका होते. तपकिरी वर्ण युरोपात अडला की ती अपात्रता ठरते.

शिवाय इतिहासाने त्या निकषाला दिलेले उत्तर नोंदवण्याजोगे आहे. ११ मे १९४४ रोजी पूर्व फ्रान्समधील एपिनल येथे अमेरिकन विमानांनी बाँबवर्षाव केला. तेथील छावणीत तीन हजारांवर भारतीय युद्धकैदी होते. तटबंदी फुटली, अनेक कैदी मेले, आणि उरलेले मिळेल त्या वाटेने बाहेर पडले. त्यांतील सुमारे ५०० जण रात्री चालत, शेतकऱ्यांच्या गोठ्यांत लपत, फ्रेंच गावकऱ्यांनी दिलेल्या भाकरीवर, स्वित्झर्लंडला पोचले. फ्रान्सचे ग्रामीण लोक म्हणजे जर्मनीतील रेल्वेचे प्रवासी नव्हेत, हा भेद मान्य करावाच लागेल. पण कातडीचा रंग हा पलायनाचा अंतिम अडसर असतो हे प्रमेय मात्र त्या ५०० जणांच्या पायांखाली गेले. त्यांच्याजवळ समिती नव्हती, होकायंत्रे नव्हती, आणि पुढे पुस्तके लिहिणारा कोणी रीडही नव्हता. या घटनेवर घी बोमन या ब्रिटिश इतिहासकाराचा स्वतंत्र ग्रंथ निघाला तो २०२४ साली, ऐंशी वर्षांनी.

दुसरा आक्षेप अधिक वाङ्मयीन स्वरूपाचा आहे. कलाकृतीला तिने न सांगितलेल्या गोष्टीबद्दल जाब विचारणे अन्यायाचे, असे तो म्हणतो. प्रश्न निवडीचा असता तर हा आक्षेप मानता आला असता. पण संशयित कैदी हा विषय मालिकेने निवडलेला आहे. पहिल्या पर्वातील एका भागाचे तर नावच 'द ट्रेटर' आहे. संशय हे तिचे आवडते द्रव्य. मात्र संशयाने तासाभरात फिटले पाहिजे : माणूस निर्दोष तरी ठरावा किंवा दोषी तरी. मजुमदारांवरचा संशय असा फिटणारा नव्हता, कारण तो त्यांच्या एखाद्या कृतीवर नव्हता. बोस यांना दिलेला नकारसुद्धा तो फेडू शकला नाही. असा संशय ज्या घाटात बसत नाही, त्या घाटाची मर्यादा सांगणे हे समीक्षेचे कामच आहे.

मजुमदार किल्ल्यातून बाहेर पडले ते कसे, हे या दृष्टीने अधिकच बोलके आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण केले. तोच आदर्श डोळ्यांपुढे ठेवून मजुमदारांनी कोल्डिट्झमध्ये अन्न वर्ज्य केले. मागणी एकच : भारतीय कैद्यांच्या छावणीत हलवावे. सुमारे दोन आठवड्यांनी जर्मनांनी ती मान्य केली. पलायनकथेच्या चौकटीत हे कोठे बसवणार? पलायन गुप्त असते, उपोषण सर्वांसमक्ष होते. पलायनात शरीर लपवायचे असते, उपोषणात तेच पुढे करायचे असते. पलायनाला समितीची अनुमती लागते. उपोषणाला कोणाचीच लागत नाही, आणि नेमके म्हणूनच ते प्रतिकाराचे असे रूप आहे की ज्याला ही कथा प्रतिकार म्हणून ओळखूच शकत नाही. पुढे फ्रान्समधील छावणीतून एका भारतीय सैनिकासह ते निसटले आणि शेकडो किलोमीटर पायी चालून स्वित्झर्लंडला पोचले. ज्याला पळता येणार नाही असा निर्वाळा दिला गेला होता, तो पळाला.

घाट बदलता येतच नाही, असे या विवेचनातून कोणी काढू नये. ग्लेस्टर यांनीच पुढे 'सीक्रेट आर्मी' (१९७७-७९) ही मालिका केली. विषय पुन्हा पलायनाचाच, पण कथेचे केंद्र हलवलेले. पाडलेल्या विमानांतील वैमानिक येतात आणि जातात, बहुधा नावानिशी लक्षातही राहत नाहीत. मालिका ज्यांच्याजवळ थांबते ते ब्रुसेल्समधील कॅफेवाले, वाढपिणी, शेतकरी, म्हणजे पळणाऱ्याला लपवणारे आणि त्याची किंमत चुकवणारे लोक. कॅफेचा मालक अल्बेर याची भूमिका बर्नार्ड हेप्टन यांनीच केली होती. सभ्य कमांडंटच्या चेहऱ्यानेच दारात कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाकारायचे याचा हिशेब करणारा, भ्यालेला, लोभी, तरीही धीट माणूस उभा करावा, यात योगायोगाचा भाग असेलही. परंतु या मालिकेत कोणाचीही अनुमती निष्पाप नाही. अल्बेर एकाला वाचवतो तेव्हा दुसऱ्याला धोक्यात लोटतो, आणि प्रेक्षकाला ते दिसत राहते. 'ट्वीडलडम'मध्ये जे एका तासात डोकावून गेले, ते येथे मालिकेचा पाया झाले.

हा सारा वाद इंग्रजांच्या घरचा आहे, असे समजून मराठी वाचकाने सुटकेचा श्वास टाकू नये. 'कोल्डिट्झ'चा पहिला भाग १९ ऑक्टोबर १९७२ रोजी प्रक्षेपित झाला. त्याच्या अवघे दोन महिने आधी, १३ ऑगस्टच्या रात्री, रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून भारतीय वायुदलाचे तीन फ्लाइट लेफ्टनंट कोठडीची भिंत फोडून निसटले होते : दिलीप परुळकर, मल्विंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. पेशावरमार्गे ते अफगाण सीमेच्या अगदी जवळ लंडी कोतलपर्यंत पोचले आणि तेथे लंडी खाना या रेल्वे स्थानकाची वाट विचारल्यामुळे सापडले. ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते. इंग्रजी अमदानीतील रेल्वेच्या नकाशावरचे एक मृत नाव चाळीस वर्षांनी तीन माणसांना तुरुंगात परत पाठवते : कैदकथेला याहून अर्थगर्भ तपशील कोणी कल्पून दिला असता असे वाटत नाही. या धाडसावर ग्रंथ झाला, चित्रपट झाला. ते योग्यच आहे. परंतु एपिनलच्या ५०० शिपायांपैकी एकाचेही नाव सुशिक्षित भारतीय वाचकाला सांगता येत नाही. ब्रिटिशांनी आपल्या पलायनकथेत अधिकारी तेवढे घेतले म्हणून त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांच्या स्वतःच्या कथेतही कंबरेला पिस्तूल असलेलाच माणूस नायक ठरावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर-वसाहतवादी म्हणवणारी समीक्षा जोवर वर्णरेषेवर बोट ठेवते आणि हुद्द्याच्या रेषेपाशी गप्प बसते, तोवर तिने केलेली 'कोल्डिट्झ'ची चिकित्सा ही त्या समितीच्याच एका खुर्चीत बसून केलेली चिकित्सा राहते. मजुमदार निदान कॅप्टन होते. म्हणून त्यांची साक्ष लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या ध्वनिमुद्रणांत शिल्लक आहे. त्यांच्यासोबत चाललेल्या सैनिकाविषयी जे थोडेफार कळते ते मजुमदारांच्याच तोंडून.

स्वित्झर्लंडहून मजुमदार इंग्लंडला पोचले तेव्हा ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांना बोलावून घेतले. प्रश्न पलायनाचे नव्हते. बर्लिनमध्ये बोस यांच्याशी काय बोलणे झाले, हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारण्यात आले.